राखून ठेवलेले सात निकाल

१९ जून, गुरुवार

एम.ए. मराठी भाग एकचा निकाल अकरा वाजता लागला. आपले बहिःस्थचे एकोणीस जण. बारा पास. उरलेल्या सातांच्या नावापुढं आकडाच नाही, नुसतं ‘निकाल राखीव’.

आधी वाटलं, फॉर्मवर सही राहिली असेल, फोटो नसेल. मग नावं नीट वाचली. सातही जण माझे, म्हणजे मोबाइलवर मी तासांची रेकॉर्डिंगं टाकते त्या चॅनलवरचे. रेकॉर्डिंग टाकलं की तासाभरात ऐकणारे, प्रश्न विचारणारे. जे कधी ऐकत नव्हते ते पास झालेत.

बाराला मनीषाचा फोन. सास्तूरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, मागं पोरांचा गलका. ‘राखीव म्हंजी नापास का, मॅडम?’ नाही म्हणाले. मग काय, म्हणाली. उद्या कॉलेजात विचारून सांगते, म्हणाले.

२० जून, शुक्रवार

सरांनी (विभागप्रमुख) केबिनमधे बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं.

परीक्षा विभागाचं पत्र आलंय. कवितेच्या पेपरात सात उत्तरपत्रिकांमधे ओळीच्या ओळी सारख्या. सामूहिक कॉपीचा संशय. एक जुलैला तीन जणांची समिती कॉलेजात येणार. शाबीत झालं तर सातहीजण दोन वर्षं परीक्षेला बसू शकणार नाहीत.

मी म्हणाले, सर, त्यांनी कॉपी केलेली नसणार. पाठ केलं असणार. माझं.

सर म्हणाले, तेच तर. एका उत्तरपत्रिकेत ‘मॅडम म्हणतात’ असं लिहिलंय म्हणे. ही मॅडम कोण, असं पत्रातच विचारलंय.

घरी येऊन मोजलं. चॅनलवर तीन वर्षांची एकशेचार रेकॉर्डिंगं. रविवारच्या तासाला सास्तूर, येरमाळ्याहून कोण पोचणार, दोन-दोन गाड्या बदलून? म्हणून सुरू केलं होतं. पहाटे स्वयंपाकघरात बसून, कुकर लावायच्या आधी. कुणाची परवानगी घेतली नाही. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला कॉलेजचं नाव घेतलंय. कुणी सांगितलं होतं घ्यायला?

२२ जून, रविवार

सगळी टिपणं काढून बसले.

पहिल्या वर्षी नुसतं बोलत होते. कविता दोनदा वाचायची, मग जिथं अडतं तिथं थांबायचं, आणि त्यांना सांगायचं, आता पुढं तुम्ही वाचा. तेवढंच. मागच्या वर्षी सगळे मागं लागले, मॅडम, ऐकून मार्क पडत नाहीत, लिहून द्या. दिलं. आधी मुद्दे. मग परिच्छेद. मग आख्खी उत्तरं. केव्हा मुद्द्यांची उत्तरं झाली ते आता आठवतही नाही.

पेपरात विहिरीची कविता होती. भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर येते, पोहरा आत सोडते आणि ओढतच नाही, दोर धरून उभी राहते. संपली कविता. माझ्या टिपणात आहे: ‘ही दुपार घड्याळातली नाही, ती मनातली आहे.’ लिहिलं तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते. ह्यांना वाचून दाखवलं होतं. हे ड्यूटीवर निघाले होते, तिकिटाचं मशीन तपासत ‘छान आहे’ म्हणाले.

सातही जणांनी हेच वाक्य लिहिलं असणार. मी परीक्षक असते तर मलाही संशय आला असता.

२४ जून, मंगळवार

संध्याकाळी बालाजी आला. येरमाळ्याला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे त्याचं. वय चौतीस, दोन लेकरं. कानात वायर घालून हवा भरता भरता माझी रेकॉर्डिंगं ऐकतो. सातातला एक. पहिल्यांदाच घरी आला. खुर्ची दिली तर बसला नाही.

म्हणाला, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं तुमची टिपणं मिळत्यात. बारीक करून. बोटाएवढी.

तुम्हाला कसं माहीत, विचारलं.

‘म्या घेतली व्हती.’

 मी विचारलं, वापरली? म्हणाला, खिशात व्हती, काढली न्हाय. पाठच व्हतं समदं. नुसता धीर म्हणून ठेवली. आणखी दोघांकडं तरी असतील म्हणाला. नावं मी विचारली नाहीत. विचारायला हवी होती का?

जाताना चपला घालून परत वळला. ‘काढली न्हाय, हे तुमाला खरं वाटतंय का, मॅडम?’

हो म्हणाले. पण म्हणायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ लागला हे त्याला कळलं.

२५ जून, बुधवार

झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्यानं ओळखलं नाही. कुठला पेपर, विचारलं आणि चपलांच्या खोक्यातून गठ्ठा काढला. भिंग लावून वाचावी लागतील एवढी अक्षरं. माझीच वाक्यं. एके ठिकाणी मी ‘प्रतिमासृष्टी’ चुकीचं टाइप केलं होतं, ‘ष्टी’चा ‘ठी’ झालेला, तीही चूक तशीच.

ही कुणी लिहिलीत, विचारलं. म्हणाला, हायेत एक मॅडम, लई चांगलं लिहितात.

गठ्ठा परत ठेवून आले.  घरी आल्यावर भाजी चिरायला घेतली तर बोट कापलं.

२८ जून, शनिवार

सरांनी खुलासा टाइप करूनच आणला होता. मी फक्त सही करायची. ‘सदर ध्वनिफिती व टिपणे विद्यार्थ्यांनी परस्पर मिळविली असून त्यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही.’

मी म्हणाले, सर, त्यात माझा आवाज आहे.

म्हणाले, आवाज कुणाचाही असतो. चॅनल आज बंद करून टाका. मग हळूच, चहाचा कप माझ्याकडं सरकवत: ‘तासिकेवरच्या शिक्षकांची यादी जुलैत जाते. दरवर्षी माझ्या सहीनं जाते. मला ती थांबवायची नाही, मॅडम. पण वरून विचारलं तर मी काय सांगू?’

सर वाईट नाहीत. मी नवीन होते तेव्हा लायब्ररीच्या आतल्या खोलीची किल्ली त्यांनीच दिली होती मला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांच्या. घाबरलेत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले सही कर. बारा वर्षं तासिकेवर काढलीस, एका कागदापायी घालवू नकोस. सही केली तर त्या सात जणांनी चोरलं असं होतं, म्हणाले मी. ‘मग काय झालं? दोन वर्षांनी बसतील परत.’ बॅग उचलली, गेले. सोलापूरची गाडी होती.

दोन वर्षांनी मनीषा बसेल? मागच्या वेळी फॉर्म भरायला सासऱ्यांपुढं सहा महिने बोलत होती ती.

कागद पर्समधे आहे. सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.

१ जुलै, मंगळवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या वेगळं आठवेल.

समिती दुसऱ्या मजल्यावर बसली. दोघं पुरुष आणि अध्यक्ष एक वयस्कर बाई, पांढरे केस, हळू बोलणाऱ्या. सर माझ्या शेजारी. सातहीजण खाली व्हरांड्यात. मनीषा पहाटे निघून लोहाऱ्याहून गाडी बदलून आली होती. बालाजीच्या नखांत काळं वंगण तसंच. तुळजापूरची सुवर्णा माझ्याकडं बघेना.

मला आधी आत बोलावलं. टिपणं कुणाची?

माझी, म्हणाले. रेकॉर्डिंगंही माझीच. कॉलेजनं सांगितलं नव्हतं, कुणाला न विचारता केलं. सर छताच्या पंख्याकडं बघत होते.

अध्यक्ष बाईंनी एक कागद पुढं केला. ‘प्रतिमासृष्टीतली ही चूकही तुमचीच?’ हो म्हणाले. एक सदस्य हसले. बाई हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, या सातांमधे एक उत्तर जरा वेगळं आहे, ऐका. आणि वाचलं. मला जसं आठवतं तसं:

‘मॅडम म्हणतात ही दुपार मनातली आहे. मला ती घड्याळातली वाटते. दुपारी विहिरीवर कोणी नसते. जिला सगळ्यांबरोबर पाणी भरता येत नाही ती दुपारी येते. माझी पणजी दुपारी जात होती. कोणी वाढणारे भेटले तर पाणी, नाहीतर रिकामी घागर. या बाईने पोहरा आत सोडला आहे, म्हणजे तिने विहिरीला हात लावला आहे. म्हणून ती ओढत नाही. ती बघत आहे की आता काय होते.’

मनीषाचं. नाव सांगितलं नाही त्यांनी, पण हातातल्या पानांवरचं अक्षर तिचंच होतं. आधीची दोन पानं माझीच, शब्दाला शब्द. मग मधेच ती थांबलीय आणि मला खोडून काढलंय.

सात वर्षं शिकवते ही कविता. दुपार दिसली, एकटी बाई दिसली. ती दुपारीच का आली, हा प्रश्न एकदाही पडला नाही मला. आमच्या घरात नळ होता.

बाई म्हणाल्या, एवढं सांगा. या सातांपैकी कुणीही हॉलमधे कागद नेला नव्हता, अशी खात्री देता?

झेरॉक्सचं खोकं डोळ्यांपुढं आलं. बालाजी खालीच बसला होता.

‘खात्री देऊ शकत नाही,’ म्हणाले. ‘पण यांना कुणीच पाहिली नाही अशी कविता द्या. तासभर बसवा. ज्याला वाचता येतं ते दिसेल. ज्याला येत नाही तेही दिसेल, आणि तो दोष माझा असेल.’

अर्धा तास बाहेर बसवलं. मग निरोप आला. बारा जुलैला सातांची लेखी चाचणी. कविता समिती आणणार. बाकी निर्णय त्यानंतर.

जिन्यात सर एवढंच म्हणाले: ‘झालं तुमचं समाधान?’

२ जुलै, बुधवार

सगळी टिपणं चॅनलवरून काढली. रेकॉर्डिंगं ठेवली, पहिल्या वर्षीची तेवढीच. कॉलेजचं नाव काढायला प्रत्येकाची सुरुवात कापावी लागली.

दहा दिवस. सातजणांचा वेगळा गट केला. लायब्ररीतली जुनी मासिकं, कुणाला माहीत नसलेल्या कविता. रोज एक. खाली तीनच प्रश्न: काय दिसतं? कुठं अडलात? का अडलात?

उत्तर मी टाकणार नाही, असं लिहिलं.

४ जुलै, शुक्रवार

दोन कविता झाल्या. एकाचंही उत्तर नाही. निळ्या खुणा सातही. वाचतात, गप्प बसतात.

मग दुपारी एकजण: मॅडम, नमुना उत्तर टाका. पाठोपाठ आणखी दोघं. आम्ही नोकरीधंदा करून शिकतो, वेळ नाही, तुम्ही सांगा आम्ही लिहू. नाही म्हणाले.

सुवर्णाचा फोन आला. मंदिराजवळ तिच्या सासरचं लॉज आहे, काउंटरवर बसून बोलत होती. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. म्हणाली, ‘वर्षभर घास भरवलात, मॅडम, आणि आता म्हणता हातानं जेवा. दहा दिवसांत. तुमचं खरं बोलणं झालं, आमचं काय?’

 फोन ठेवून ती गटातून बाहेर पडली.

७ जुलै, सोमवार

मनीषानं पहिलं उत्तर पाठवलं. आवाजातच, चार मिनिटं. कविता एका म्हाताऱ्याच्या चष्म्यावर होती. ‘मला पहिल्या चार वळी कळल्या न्हायत. पाचव्या वळीला कळलं की त्याला दिसतंय समदं, पर तो न दिसल्यावाणी करतोय.’ माझ्या मनात वेगळंच होतं. बोट बटणावर गेलं, आता दुरुस्त करते म्हणून. थांबले. लिहिलं, तो असं का करतोय? पुन्हा वाच.

तिचा जवाब येईस्तो इतर तिघांनी लिहिलं. तिच्याशी भांडत. पहिल्यांदाच गट हलला.

संध्याकाळी फोन केला तिला. माझ्यामुळं तुमचं नाव बाहेर आलं, म्हणाली, म्या ‘मॅडम म्हणतात’ लिवायला नगं व्हतं. म्हणाले, ते लिहिलंस म्हणून तर मला कळलं. पणजीचं आधी का नाही सांगितलंस? गटात विचारायचंस, फोन करायचास.

 मग म्हणाली, ‘तुमी इतकं चांगलं सांगितलं व्हतं. मधी कसं बोलायचं.’

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. मधे बोलायला जागाच ठेवली नव्हती मी.

१० जुलै, गुरुवार

बालाजीचं चार दिवस काहीच नाही. आज सकाळी फोन. मागं ट्रकचे आवाज. शनिवारी येत न्हाय म्हणाला. कारण विचारलं तर दुकान, गिऱ्हाईक, बायकोला बरं नाही. मग खरं बोलला. चाचणीत चांगलं लिहिलं तर खोटं बोलून सुटल्यावाणी होईल. वाईट लिहिलं तर चोर ठरंल.

समितीला चिठ्ठीचं सांगायचं का, असं तो मला विचारत होता. शब्दात नाही, पण तेच.

सांगा म्हटलं असतं तर त्याचं दोन वर्षांचं नुकसान मी केलं असतं. सांगू नका म्हटलं असतं तर माझ्या पर्समधल्या त्या कागदावर सही केल्यासारखंच. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. फार कोरडं वाटलं म्हणताना. फोन ठेवल्यावर तो कागद काढून फाडला. उशीरच केला.

हे जेवताना म्हणाले, तू बारीक झालीस. बाकी विषय नाही काढला.

१२ जुलै, शनिवार

सहाजण वेळेवर. सुवर्णाही आली, माझ्याशी न बोलता पुढच्या बाकावर जाऊन बसली. बालाजी नाही. अकराला पाच कमी असताना आला, धापा टाकत, धुतलेला शर्ट. माझ्याकडं न येता सरळ अध्यक्ष बाईंकडं गेला. मी दारात होते, सगळं ऐकू आलं नाही. ‘खिशात व्हती’ एवढं ऐकलं. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं, वहीत काही लिहिलं, मग रिकाम्या बाकाकडं हात केला. बसला.

मला आत थांबू दिलं नाही. व्हरांड्यात एक तास. खिडकीतून मनीषाची पाठ दिसत होती. वीस मिनिटं तिनं पेन उचललंच नाही.  मग लिहायला लागली आणि मान वर केली नाही.

कविता आठ ओळींची. एक माणूस घराला कुलूप लावून निघतो, आणि तीनदा परत येऊन कुलूप ओढून बघतो. नंतर वाचली मी.

बाहेर आल्यावर कुणी मला विचारलंच नाही बरोबर काय म्हणून. बालाजी आणि मनीषा जिन्यापाशी वाद घालत उभे. तो म्हणत होता, माणूस परत यायचाच न्हाय, म्हणून ओढून बघतोय, जाऊ का नको असं. ती म्हणाली, तसं न्हाय, त्याला आत कुणीतरी राह्यलंय असं वाटतंय. ‘आमच्या गावात अशी मान्सं हायेत. भूकंपाच्या वक्ताची. अजून दार वाजवून मग घरात जात्यात.’  बालाजी म्हणाला, मला हे सुचलं नसतं. ती म्हणाली, मला तुमचं सुचलं नसतं.

मी दोघांपासून चार पावलांवर होते. मधे बोलले नाही.

सुवर्णा रिक्षात बसता बसता थांबली. म्हणाली, मी अर्धं पान लिहिलं. तेवढंच आलं. पण माझं होतं. रिक्षा गेली.

१५ जुलै, मंगळवार

काहीच कळलेलं नाही. परीक्षा विभागात फोन केला, अहवाल गेलाय एवढंच सांगितलं. बालाजीचं वेगळं प्रकरण करणार का, तेही माहीत नाही. त्याचं दुकान चालू आहे, कालच्या कवितेवर दोन ओळी पाठवल्यात. गट बंद करायचा होता, कुणी बाहेर पडत नाही.

सरांना भेटले. तासिकांची यादी पाठवली का, विचारलं. टेबलावरचे कागद नीट लावत म्हणाले, पाठवली, तुमच्या नावापुढं काही लिहिलेलं नाही. म्हणजे आहे की नाही? म्हणाले, ‘नाव आहे. शिफारस नाही. त्यांना काय करायचं ते करू दे.’ नजर दिली नाही. तरी नाव काढलं नाही त्यांनी. माणूस जेवढं करू शकतो तेवढं केलं, असं धरते.

१९ जुलै, शनिवार

नवीन वेळापत्रक नोटीस बोर्डवर लागलं. भाग दोन, रविवार, दहा ते दोन. विषय आहे, वेळ आहे. शिक्षकाच्या रकान्यात रेघ.

बोर्डासमोर उभी असतानाच मनीषाचा फोन आला. निकाल अजून राखीवच दिसतोय म्हणाली. पण तिनं सेविकाताईंना सांगून रविवारी ठरलेली सर्व्हेची कामं शनिवारीच उरकून घेतलीत. सासऱ्यांना सांगितलंय की तास सुरू होणार. बालाजी म्हणतोय तोही येतो, बाकीचेही विचारत्यात.

‘मग उद्या यायचं का, मॅडम?’

मी रेघेकडं बघत होते. निकाल नाही, म्हणजे भाग दोनला प्रवेश नाही. शिक्षक नाही, म्हणजे वर्गाची किल्ली नाही.

या म्हणाले. कुठं बसायचं ते बघू.